नऊ निघाले, नऊ लागले

मोजकाकांना आईवडिलांनी दुसरं नाव ठेवलं होतं, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. सगळी इमारत त्यांना मोजकाकाच म्हणे. जिना चढताना ते पायऱ्या मोजत. दोरीवरचे कपडे काढताना चिमटे मोजत. डॉक्टरांनी दहा गोळ्या लिहून दिल्या, तर औषधवाल्याच्या काउंटरवरच पाकिटातल्या दहाच्या दहा गोळ्या बोटाने चाचपून बघत, मग मागे रांग किती का लांबेना. आणि मोजत असताना कोणी मध्ये बोललं, की ते एक बोट वर करत.

त्या बोटाचा घरात मोठा दरारा होता. बोट वर गेलं की काकू गप्प होत, मुलगा गप्प होई. एकदा तर विम्याचे साहेब घरी बसून बोलत होते, ते चहाचा कप हातात धरून अर्ध्या वाक्यात थांबले होते. मोजणं संपलं की बोट खाली येई. तोवर समोरचा काय सांगत होता हे त्याचं त्यालाच आठवत नसे, आणि मोजकाकाही कधी विचारत नसत.

ही सवय त्यांना जन्मजात नव्हती, पोटापाण्याने लावली होती. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्टच्या दुरुस्तीत काढली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या वस्तादाने त्यांना एक जुनी चादर, एक काठ असलेली स्टीलची ताटली आणि खडूचा तुकडा दिला होता. चादर अंथरायची, निघालेला प्रत्येक स्क्रू ताटलीत टाकायचा, आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. काम संपल्यावर ताटली रिकामी पाहिजे. "उरलेला स्क्रू म्हणजे अडकलेला माणूस," वस्ताद म्हणायचा. निघाले तेवढे लागले पाहिजेत, एवढाच त्याचा धडा, आणि तो मोजकाकांनी असा गिरवला की अडतीस वर्षांत त्यांनी हात लावलेल्या एकाही लिफ्टमध्ये कोणाच्या नखालासुद्धा धक्का लागला नाही. आता न पडलेल्या लिफ्टबद्दल आभार मानायला काही कोणी घरी येत नाही. त्यामुळे ही गोष्ट सांगायचं काम त्यांचं त्यांनाच करावं लागे, आणि ते त्यांनी कधी अंगाबाहेर टाकलं नाही.

त्या सांगण्यात लंबूची गोष्ट हमखास यायची. लंबू हा त्यांचा जोडीदार, स्टूल न घेता केबिनच्या छताला हात लावणारा. एकवीस वर्षांपूर्वी एका सात मजली कचेरीत दोघांनी लिफ्टच्या दाराची पट्टी बदलली. लंबूने शेवटचा स्क्रू आवळला आणि ताटलीत दोन उरले. भिंतीवर नऊ लिहिलेले, लागले सात. लंबू काहीबाही कारणं सांगायला लागला, पण मोजकाकांनी बोट वर केलं, ताटली पुन्हा मोजली, पुन्हा दोनच भरले, आणि ते तडक साहेबांकडे गेले. साहेबांनी लंबूला दुरुस्तीवरून काढून गोदामात बसवलं. तिथल्या खिडकीतून तो निवृत्त होईपर्यंत बल्ब आणि ग्रीसचे डबे देत राहिला. मोजकाका त्याच्याकडून सोळा वर्षं बल्ब घेत होते. मोजून.

"नियम म्हणजे नियम," गोष्टीच्या शेवटी ते म्हणत. "जोडीदार असला म्हणून काय झालं?" काकूंना ही गोष्ट इतकी पाठ होती की त्या भाजी निवडता निवडता नुसते ओठ हलवत, आणि शब्द बरोबर जुळत.

तर असे मोजकाका निवृत्त झाले आणि घरात आले. पहिल्या महिन्यात घरातलं सगळं मोजून झालं. दुसऱ्या महिन्यात पुन्हा मोजलं, काही वाढलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून ते खिडकीशी खुर्ची टाकून बसू लागले, आणि काकू झाडताना म्हणायला लागल्या, "जरा पाय वर घ्या." दिवसातून दोनदा पाय वर घेणारा माणूस स्वतःबद्दल काय समजत असेल, हे काही त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही.

अशात सूनबाईंचं प्रकरण निघालं.

सूनबाईंची कचेरी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. नवरा, म्हणजे मोजकाकांचा मुलगा, महिन्यातले तीन आठवडे कामासाठी बाहेरगावी. बिचारीने दोन वर्षं अर्ज केले, उत्तरांची वाट पाहिली, आणि सासूबरोबर भाज्या निवडल्या. शेवटी एका कंपनीने तिला सबटायटलच्या कामासाठी दोन चाळण्यांतून पार केलं. सिनेमातला माणूस बोलला की खाली त्याच्या बोलण्याच्या ओळी येतात ना, त्या लिहायच्या आणि बरोबर त्याच क्षणाला बसवायच्या. काम घरून, पगार बरा. शेवटची परीक्षा राहिली होती, सोमवारी सकाळी दहा ते एक, घरच्याच मशीनवर, कारण पुढे काम त्याच मशीनवर करायचं होतं. हुकली तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नव्हता.

आणि घरचा कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. त्यावर सिनेमा लावला की आधी माणसाचं तोंड हले, आणि आवाज मागाहून चहा पिऊन आल्यासारखा येई. परीक्षेचा प्रोग्रॅम बुधवारी उतरवून बघितला, तर त्याने सरळ सांगितलं की हा प्रोसेसर चालणार नाही. नवं मशीन घ्यायचं तर अंथरुणाबाहेर पाय जात होते. सूनबाईंनी दोन रात्री वाचून काढलं. नुसता प्रोसेसर बदलून भागत नाही, नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डावर बसत नाही, म्हणून दोन्ही बदलायचे. पण वापरलेली जोडी घेतली, आणि मेमरी, पॉवर सप्लाय, डबा, पडदा सगळं जुनंच ठेवलं, तर नव्या मशीनच्या पाव किमतीत काम होईल. तेवढे पैसे तिच्याकडे होते, अगदी तेवढेच.

हे ऐकून मोजकाकांचे पाय खुर्चीवरून आपोआप खाली आले. सगळं मशीन टाकायचं नाही, आतला भाग बदलायचा, बाकी तसंच चालवायचं. अहो, ही तर लिफ्ट झाली.

"बसवायचं काम माझं," ते म्हणाले.

"बाबा, दुकानातच बसवून घेऊ या का?" सूनबाई जपून म्हणाल्या. "थोडेच जास्त घेतात."

"अडतीस वर्षं मी माणसं वरखाली नेली. माझ्याच्याने एक डबा जोडला जाणार नाही?"

सूनबाईंनी पैसे सासऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी ते मोजले.

जुन्या सुट्या भागांचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. दुकान एक बाई चालवायची. चष्मा कपाळावर, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि काउंटरवर पंखे, वायरी, उघडी मशीनं असा पसारा, ज्यातलं तिला सगळं न बघता सापडे. मोजकाकांनी तिला जुन्या मशीनचे फोटो दाखवले. तिने एक बोर्ड काढून पुठ्ठ्यावर ठेवला, प्रोसेसरची चिप डबीतून काढून दाखवली. बोर्डावर चिप बसायची जागा होती, चौकोनी, आणि तीत केसासारख्या बारीक पिना दाटीवाटीने उभ्या. मोजकाकांनी खिशातून भिंग काढलं आणि पिना मोजायला सुरुवात केली. वापरलेला माल, एखादी कमी असली तर?

"काका, हा बोर्ड तुमच्या जुन्यापेक्षा लहान आहे बरं का," बाई म्हणाली. "बसवताना ते खालचे खांब तेवढे—"

बोट वर गेलं.

"दोनशे एकोणीस," मोजकाका पुटपुटले. "दोनशे वीस."

"अकराशेच्या वर आहेत," बाई म्हणाली. "सगळ्या मोजाल तर दुकान बंद करायची वेळ होईल."

तेवढ्याने मोजकाकांचा आकडा चुकला, आणि त्यांनी बाईकडे असं बघितलं की जणू तिनेच पिना चोरल्यात. बाई हसली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. खांबांचं वाक्य अर्धंच राहिलं.

शनिवारी सकाळी आंघोळ करून मोजकाकांनी जेवणाच्या टेबलावर वस्तादाची चादर अंथरली. ताटली ठेवली. खडू घेतला, आणि भिंतीला हात लावायची सोय नव्हती म्हणून स्वयंपाकघराच्या दारावर आकडे लिहायचं ठरवलं. काकूंनी ते दार आदल्याच आठवड्यात पुसलं होतं. त्यानंतर आत भांडी जरा जोरात ठेवली गेली.

जुना बोर्ड निघाला. नऊ स्क्रू. बोर्ड डब्याच्या पत्र्याला टेकू नये म्हणून खाली बोटाच्या पेराएवढे पितळी खांब असतात, खांबावर बोर्ड आणि वरून स्क्रू. चार खांब स्क्रूंना चिकटून बरोबरच उपटून आले, तेव्हा मोजकाकांनी उरलेलेही काढले आणि सगळे फडक्याने लख्ख पुसले. दारावर लिहिलं, स्क्रू नऊ, खांब नऊ.

मग उलटी जोडणी. आधी खांब, नऊच्या नऊ, आपापल्या जागी, आवळून. चिप बोर्डावर बसवली. ती तापू नये म्हणून तिच्यावर लावायची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घ्यायची असं सूनबाईंनी वाचलं होतं. लिफ्टला मूठमूठ ग्रीस लावणाऱ्या माणसाला हा हिशेब फारच कंजूष वाटला, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यातून खरोखरच तांदळाचा एक दाणा मागवला आणि शेजारी ठेवून तेवढीच पेस्ट काडीने लावली.

"दाणा परत आणून द्या," काकू आतून म्हणाल्या. "मोजलेले आहेत मी."

बोर्ड खांबांवर ठेवला आणि मोजकाकांच्या कपाळावर घाम आला. नव्या बोर्डाला भोकं सहाच होती. सहा स्क्रू लागले, आणि ताटलीत तीन उरले. एकवीस वर्षांत त्यांच्या ताटलीत काही उरलं नव्हतं, त्याआधीही नव्हतं. ते तीन स्क्रू बघून त्यांना खरोखर कसंतरी झालं.

सूनबाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "बाबा, हे तीन—"

बोट वर गेलं. सूनबाई पाणी ठेवून परत गेल्या.

शेवटी त्यांना डब्याच्या पाठीमागच्या पत्र्यावर तीन रिकामी भोकं सापडली. त्या भोकांना कशाचीही गरज नव्हती, पण मोजकाकांना होती. तीन स्क्रू त्यांत फिरवून बसवले. ताटली रिकामी. स्क्रू नऊ निघाले, नऊ लागले. खांब नऊ निघाले, नऊ लागले. त्यांनी दारावरच्या आकड्यांवर समाधानाने फुली मारली, सगळ्यांना बोलावलं आणि बटण दाबलं.

पंखा अर्धा फिरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा काकू म्हणाल्या, "त्याला नको असेल तर कशाला बळजबरी करता?" आणि आत गेल्या.

संध्याकाळी मोजकाका बोर्ड उचलून दुकानात गेले, मनातल्या मनात बाईला खडे बोल सुनावण्याची तयारी करत. बाईने बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवला, चार वायरी जोडल्या, बटणाऐवजी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या. पंखा गरगर फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर अक्षरं आली.

"बोर्ड ठणठणीत आहे," बाई म्हणाली. "घोळ तुमच्या डब्यात आहे. डबा घेऊन या, पाच मिनिटांचं काम असेल. उद्या रविवार, दुकान बंद. पण आत्ता आणत असाल तर मी तासभर थांबते."

डबा घरी होता, घर वीस मिनिटांवर. हो म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, आणि अडतीस वर्षांचा लिफ्टवाला पाच मिनिटांच्या कामासाठी डबा डोक्यावर घेऊन येतोय, हे चित्र मोजकाकांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. "बघतो मी," ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी सांगितलं की बोर्ड चांगला आहे, एखादा स्क्रू सैल राहिला असेल. बाई तासभर थांबायला तयार होती, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, त्यांनी ते गिळलं.

रविवारी त्यांनी चार वेळा मशीन उघडलं. प्रत्येक वेळी चादर, ताटली, खडू. प्रत्येक वेळी नऊ आणि नऊ. खांब पहिल्यापेक्षा घट्ट, स्क्रू पहिल्यापेक्षा सरळ. काळजी वाढत गेली तशी चूक पक्की बसत गेली, पण हे त्यांना कोण सांगणार? काखेत कळसा असला तरी गावाला वळसा घालणारा निदान चालतो तरी. हे बसल्या जागी वळसे घालत होते. स्वयंपाकघराचं दार आकड्यांनी भरून गेलं, आणि पंखा प्रत्येक वेळी अर्धाच फिरला.

"अति तिथे माती," काकू म्हणाल्या. मोजकाकांनी ऐकलं नाही, ते मोजत होते.

दुपारी चारच्या सुमाराला पाणी प्यायला उठले तेव्हा सूनबाई मोबाइलवर काहीतरी लिहीत बसल्या होत्या. मोजकाकांनी मागून वाचलं. असं वाचू नये, पण वाचलं. परीक्षेची तारीख पुढे ढकलता येईल का, म्हणून कंपनीला विनंती होती. 'घरगुती अडचणीमुळे' एवढंच कारण तिने लिहिलं होतं. मोजकाकांना वाटलं, हिने सरळ 'सासऱ्यांच्या हट्टामुळे' लिहिलं असतं तर बरं झालं असतं, निदान रागावता आलं असतं. घरगुती अडचण. अडतीस वर्षं कोणी त्यांच्या कामाला नाव ठेवलं नव्हतं, आणि या पोरीने नाव न ठेवता त्यांना शरमेने पार खाली बसवलं. तिच्या दोन वर्षांच्या वाट बघण्यावर आपण आपला तोरा मिरवला, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि फार वाईट वाटलं.

"पाठवू नकोस अजून," ते म्हणाले. "जरा टॉर्च धरतेस का?"

पाचव्यांदा डबा उघडला. मोजकाकांनी एका हाताने बोर्ड उचलून तिरका धरला. दुसऱ्या हाताच्या मुठीत सहा स्क्रू होते. सूनबाई टॉर्च घेऊन वाकल्या.

"बाबा, एक विचारू?"

बोट वर जायला निघालं होतं. पण एका हातात बोर्ड, दुसऱ्यात स्क्रू. वर करायला बोटच मोकळं नव्हतं. आणि म्हणून, केवळ म्हणून, सूनबाईंचं वाक्य पुरं झालं.

"हा मधला खांब कशाला आहे? याच्यावर तर काहीच बसत नाही."

"निघाला होता, म्हणून लावला," मोजकाका म्हणाले.

आणि मग त्यांनी स्वतः काय म्हटलं ते ऐकलं.

त्यांनी बोर्ड हळूच उलटा केला. पाठीवर, जिथे भोक नव्हतं तिथे, डाळीएवढा एक पितळी ओरखडा होता, चारपाच वेळा एकाच जागी घासून चकचकीत झालेला. ज्या खांबावर काही बसायचं नव्हतं, तो बोर्डाच्या पोटात टोचत होता. वीज तिथून पत्र्यात उतरत होती, आणि मशीन बिचारं प्रत्येक वेळी स्वतःला वाचवून बंद होत होतं. चांगली लिफ्टही असंच करते. शंका आली की थांबते. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्टना हेच शिकवलं होतं.

सगळं कळलं, तरी हात लगेच पुढे होईना. खांब काढायचा म्हणजे तो ताटलीत ठेवायचा, आणि काम संपल्यावर तो तिथेच राहणार. वस्तादाची ताटली भरलेली ठेवून उठायचं. हसण्यावारी नेऊ नका, त्या माणसाला ते खरंच जड गेलं. सूनबाई टॉर्च धरून उभ्या राहिल्या.

मोजकाकांनी मधला खांब काढला. मग बाजूचे दोन काढले. तिन्ही ताटलीत टाकले, त्यांचा आवाज झाला, आणि काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बोर्ड सहा खांबांवर बसला, सहा स्क्रू लागले. बटण सूनबाईंना दाबायला लावलं.

पंखा फिरला, आणि फिरत राहिला. पडद्यावर अक्षरं आली. सूनबाईंनी मोबाइल उचलून ती विनंती पुसून टाकली, मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "बाबा, आता जेवून घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाहीत." काकूंनी ताटलीकडे बोट दाखवलं. "आणि हे उरले त्याचं काय?"

"हे उरणारच होते," मोजकाका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

सोमवारी दहा ते एक घरात कोणी भांडं वाजवलं नाही. मोजकाका जिन्यात जाऊन बसले. एक वाजता दार उघडलं, सूनबाई घामाघूम होऊन बाहेर आल्या, म्हणाल्या, "एकदाही अडकलं नाही." गुरुवारी कंपनीचं पत्र आलं, नोकरी मिळाली.

न बोलावताही अभिनंदनाला येणारी माणसं सगळीकडे असतात. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर त्याच संध्याकाळी आले. "काका, ऐकलं ते खरं का? मशीन तुम्ही जोडलंत?" आता मोजकाका खुलणार हे काकूंना ठाऊक होतं. त्यांनी भाजीची परात पुढे ओढली आणि ओठ तयार ठेवले.

"काम नियमाने करावं लागतं, मास्तर," मोजकाकांनी सुरुवात केली. "आमचा एक जोडीदार होता, लंबू म्हणून. एका दाराची पट्टी बदलली आम्ही. जुनी काढली, नवी बसवली. काम झालं आणि ताटलीत दोन स्क्रू—"

ते थांबले.

"मग?" मास्तर म्हणाले.

काकूंचे ओठ एक शब्द पुढे गेले आणि परत आले. "मग यांनी साहेबांना सांगितलं आणि त्याला गोदामात बसवलं," त्यांनी गोष्ट संपवून टाकली. "घ्या चहा." मोजकाका तीन खांबांच्या ताटलीकडे बघत होते. जुनी काढली, नवी बसवली. एकवीस वर्षं ते हे वाक्य सांगत आले होते, आणि एकदाही त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते लंबूच्या घरी गेले. पत्ता त्यांनी जुन्या कंपनीला फोन करून मिळवला. लंबूने स्वतःच दार उघडलं, अजून चौकटीला डोकं टेकेल एवढा उंच, फक्त आता जरा वाकलेला. "बल्ब संपले," तो म्हणाला, आणि आत घेऊन गेला.

मोजकाकांनी खिशातून तीन पितळी खांब काढून टेबलावर ठेवले. सुनेचं मशीन, जुना बोर्ड, लहान बोर्ड, सगळं सांगितलं, चार वेळा उघडलेलंही सांगितलं, दुकानवाल्या बाईचा गिळलेला तासही सांगितला. लंबू मान हलवत ऐकत होता.

"त्या दाराची पट्टी," शेवटी मोजकाका म्हणाले. "नवी होती ना रे?"

"नव्या कंपनीची."

"भोकं किती होती तिला?"

"सात."

मोजकाकांनी टेबलावरचे खांब एका ओळीत लावले. मग म्हणाले, "तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," लंबू म्हणाला. "तू मोजत होतास."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मोजकाकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. सोळा वर्षांच्या बल्बांची सगळी खोकी त्यांना आठवली, आणि त्या खिडकीतला हात. "लंब्या," ते म्हणाले, "माझं चुकलं रे. मी तुझं—"

लंबूने एक बोट वर केलं.

मोजकाका थांबले. लंबूने टेबलावरचा पहिला खांब उचलला, उजेडात धरून नीट पाहिला, तळहातावर ठेवला. "एक," तो म्हणाला. मग चष्मा पुसला. "दोन." तिसऱ्याला त्याने फारच वेळ लावला. मोजकाका तोंड अर्धवट उघडं ठेवून बसून राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं मोजणं संपायची वाट बघत राहिले.

"तीन," लंबू म्हणाला. बोट खाली आलं. "हं, आता बोल. काय म्हणत होतास?"

मोजकाकांनी ते पुन्हा, पहिल्यापासून, सगळं म्हटलं.